आवाज बसला त्या दिवसाचा तास

बाईंना ‘वाटेवर’ असा शेरा मिळाला तेव्हा त्यांना शिकवायला लागून बावीस वर्षं झाली होती.

शेरे चार होते. सगळ्यात खाली ‘अपेक्षेपेक्षा कमी’, मग ‘वाटेवर’, मग ‘अपेक्षेइतके’ आणि सगळ्यात वर ‘उत्कृष्ट’. शिक्षकांना असे शेरे द्यायची पद्धत शाळेत त्याच वर्षी आली. त्याआधी वर्षातून एकदा मुख्याध्यापक वर्गाच्या दाराशी यायचे, आत डोकावायचे, मान हलवायचे, की झालं मूल्यमापन. आता कुणीतरी मागच्या बाकावर बसून अख्खा तास बघायचा, टॅबवर खुणा करायच्या आणि चार दिवसांनी बोलावून शेरा सांगायचा.

बाई परकी भाषा शिकवत. शाळेत अशा दोन भाषा होत्या. एक बाईंची, आणि दुसरी समोरच्या वर्गात एक तरुण शिक्षिका शिकवायची, तिला सगळे ‘नवी’ म्हणत. नवीला येऊन चार वर्षं झाली होती तरी नाव तेच राहिलं होतं. तिच्या वर्गाच्या भिंती चित्रं आणि शब्दांच्या रंगीत पत्त्यांनी भरलेल्या, मुलं कधी जमिनीवर तर कधी टेबलावर. बाईंच्या वर्गात मात्र फळा होता, खडू होता आणि शांतता होती. त्या भाषेत दार स्त्रीलिंगी आणि भिंत पुल्लिंगी असते, कुठल्या क्रियापदाला भूतकाळात कुठलं सहायक लागतं, हे बाईंनी शिकवलेला मुलगा झोपेतून उठवला तरी सांगायचा. परीक्षेचे निकाल बाईंचेच चांगले लागत.

शेरा सांगायला उपमुख्याध्यापकांनी बोलावलं होतं. ते मूळचे खेळाचे शिक्षक. खुर्ची मिळून सहा वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी गेली नव्हती, म्हणून त्यांना सगळे, अगदी मुख्याध्यापकही, शिट्टीसर म्हणत.

“बसा बाई,” ते म्हणाले. “चहा घेणार?”

“आधी सांगा, मग चहाचं बघू.”

सरांनी टॅब त्यांच्याकडे वळवला. “तासाचे दहा भाग केले तर नऊ भाग शिक्षकानं ती परकी भाषाच बोलायची, असा निकष आहे. तुम्ही सगळं आपल्या भाषेत समजावलंत. दुसरं म्हणजे मुलांनी शिक्षकापेक्षा जास्त बोलायला हवं. त्या तासात मुलं तोंड उघडून काय बोलली, तर ‘हो बाई’ आणि ‘लिहिलं बाई’.”

“सर, तुम्हाला ती भाषा येते का?”

“एक अक्षर येत नाही.”

“मग मी काय शिकवलं ते तुम्हाला कसं कळणार?”

“तेच तर म्हणतोय,” सर कसनुसे हसले. “भाषा येत नसताना मला तुमचा सगळा तास कळला. तो कळायलाच नको होता.”

मग सरांनी पुढचं सांगितलं. वर्षाअखेरीला दुसरं निरीक्षण होणार. त्यातही ‘वाटेवर’ आलं तर सुधारणा आराखडा लागू होईल. म्हणजे दर आठवड्याला कुणीतरी वर्गात येऊन बसणार आणि प्रत्येक तासाची आखणी आदल्या शुक्रवारी लिहून द्यावी लागणार.

“मला तुम्हाला त्रास द्यायचा नाही,” सर म्हणाले. “पण माझ्याही डोक्यावर कुणीतरी बसलंय. मी नीट तपासतो की नाही, हे तपासणारा माणूस वरून येतो. आणि तो हसत नाही.”

बाई चहा न घेताच उठल्या.

राग यायला हवा होता, आणि आलाही. पण घरी जाताना बसथांब्यावर उभ्या असताना तो राग पायात उतरला आणि नुसतेच पाय दुखू लागले. सर बोलले ते खोटं नव्हतं. त्यामागचं कारण बाईंनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या ती भाषा शिकल्या त्या पुस्तकांतून, संध्याकाळच्या वर्गात, लग्नाआधी. त्या देशात कधी गेल्या नाहीत. एकदा स्टेशनबाहेर तिकडच्या एका जोडप्यानं त्यांना रस्ता विचारला. बाईंना शब्दन् शब्द कळला. उत्तरही मनात तयार झालं, व्याकरणासकट. पण तोंडातून काही निघेना. शेवटी त्यांनी मुक्या माणसासारखा हात लांब करून रस्ता दाखवला. त्या जोडप्यानं स्वतःच्या परक्या भाषेत बाईंचे आभार मानले, हळू आणि मोठ्यानं, लहान मुलाशी बोलावं तसे. तेव्हापासून वर्गात फळ्यावर ती भाषा आणि तोंडी आपली, अशी बाईंची वाटणी पक्की झाली होती.

घरी नवरा आणि सासूबाई होत्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करायच्या कंपनीत होता. दिवसभर लोकांना ‘घाबरू नका, दोन मिनिटांत काढतो बाहेर’ एवढंच सांगायचं असल्यामुळे घरी तो फारसा बोलत नसे. सासूबाईंना ऐकू कमी यायचं आणि यंत्र लावलं की डोकं दुखायचं, म्हणून यंत्र कायम डबीत.

बाईंनी घरात सराव सुरू केला. घेवडा मोडता मोडता त्या नवऱ्याशी परक्या भाषेत बोलू लागल्या. पहिल्या दिवशी त्यानं वर बघितलं.

“काय म्हणालीस?”

“मीठ द्या म्हणाले.”

“मग एवढं लांबलचक कशाला?”

“आदरार्थी होतं.”

त्यानं मीठ दिलं. “आपलं लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली,” तो म्हणाला. “नुसतं ‘मीठ’ म्हणालीस तरी चालेल.”

वर्गात मात्र मीठ मागून भागणारं नव्हतं. सोमवारपासून बाईंनी सगळेच्या सगळे तास परक्या भाषेत घ्यायला सुरुवात केली. मुलांना आधी गंमत वाटली, दोन दिवसांत ती कंटाळली, मग बिथरली. बाई बोलत राहायच्या आणि मुलं एकमेकांकडे बघत राहायची. कळलं नाही की बाई तेच पुन्हा सांगत, जरा मोठ्या आवाजात. मग त्याहून मोठ्या आवाजात. स्टेशनवरच्या जोडप्यासारखं आपण करतोय, हे त्यांच्या ध्यानात यायचं, पण दुसरा उपाय ठाऊक नव्हता. नवी एकदा दारातून म्हणाली, “बाई, थोडं हातवारे करून, चित्रं काढून बघा ना. इतकं ओरडू नका.”

“मला माकडचाळे जमायचे नाहीत गं,” बाई म्हणाल्या. बोलल्यावर त्यांना वाईट वाटलं, पण तोवर घंटा झाली होती.

एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. ही मुलगी खिडकीजवळ बसायची, बोलायची जवळजवळ नाहीच. ते म्हणाले, “बाई, आमची मुलगी म्हणते, काहीच कळत नाही. आधी तुम्ही छान शिकवायचात.”

“साहेब, आता निकष आहेत,” बाई म्हणाल्या, आणि स्वतःच्या तोंडी तो शब्द ऐकून चपापल्या.

आवाज आधी जड झाला, मग फाटला. दुसऱ्या निरीक्षणाच्या आदल्या सकाळी बाई उठल्या तर तोंडातून नुसती हवा आली. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आत उजेड टाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“स्वरयंत्राला सूज आहे. आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. त्यानं जास्त ताण पडतो. तुम्ही काय करता?”

बाईंनी कागदावर ‘शिक्षिका’ असं लिहिलं.

“अरे देवा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि रजेची चिठ्ठी लिहायला घेतली.

चिठ्ठी घेऊन बाई तशाच शाळेत गेल्या. शिट्टीसरांनी ती वाचली, खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा वाचली.

“रजा घ्या, मी कोण अडवणार? पण परवा निरीक्षणं बंद होतायत. वरचा माणूस सगळं घेऊन जाणार. दुसरं निरीक्षण झालं नाही, तर पहिलाच शेरा कायम धरतात. म्हणजे आराखडा.” त्यांनी चिठ्ठी परत दिली. “मागे एकाच्या आजारपणात मी विचारलं होतं, बाई. तारीख बदलत नाही म्हणाले.”

बाईंनी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि मान हलवली. येते, असा अर्थ.

त्या संध्याकाळी घरात कमालीची शांतता होती. नवऱ्यानं स्वतःहून भांडी घासली. सासूबाईंना सगळा प्रकार लिहून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, “अगंबाई, आवाज गेलाय होय? मला वाटलं, नेहमीसारखंच चाललंय.” नवरा तोंड फिरवून हसला. बाईंनाही हसू आलं, पण घसा इतका दुखला की ते अर्ध्यावरच सोडावं लागलं.

जेवण झाल्यावर त्या तासाची आखणी करायला बसल्या, आणि करण्यासारखं काही सुचेना. बोलायचं नाही म्हटल्यावर शिक्षकाकडे उरतं काय? शेवटी त्यांनी एका कागदावर एवढंच लिहिलं: स्टेशनवरची हरवलेल्या वस्तूंची खिडकी. एकानं कारकून व्हायचं, एकानं वस्तू हरवलेला माणूस. रंग, आकार, कुठे हरवली, आत काय होतं. हे शब्द मुलांना गेल्या महिन्यात शिकवले होते. बाकी काही लिहायचं त्राण नव्हतं. त्यांनी दिवा घालवला.

दुसऱ्या दिवशी शिट्टीसर येऊन मागच्या बाकावर बसले. त्यांचे गुडघे बाकाखाली मावेनात, म्हणून त्यांनी पाय बाजूला काढले. बाईंनी फळ्यावर त्या भाषेत लिहिलं, ‘माझा आवाज हरवला आहे. आज तुम्ही बोला.’ खाली खिडकीचा प्रसंग लिहिला. मग टेबल ओढून मधोमध आणलं आणि बाजूला उभ्या राहिल्या.

बराच वेळ कुणी हललं नाही. बाईंनी सरांकडे बघायचं टाळलं. मग पुढच्या बाकावरची दोन मुलं उठली, एक कारकून झाला, एकाची पिशवी हरवली. पिशवी लाल होती, लहान होती. विशेषणाचं लिंग चुकलं. बाईंचा हात आपोआप वर गेला, तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. तोवर कारकून म्हणालाही होता की लाल पिशवी नाही, हिरवी आहे, चालेल का. आणि पिशवीवाला चालेल म्हणाला होता. वर्ग हसला.

मग रांगच लागली. छत्र्या हरवल्या, चपला हरवल्या, एकाचा दात हरवला. दार पुल्लिंगी झालं, भिंत स्त्रीलिंगी झाली, भूतकाळाला भलतीच सहायकं लागली. बाईंना एकेक चूक खड्यासारखी टोचत होती. एकदा त्या खडू उचलून फळ्यापर्यंत गेल्या. पण तिथे पोचल्यावर वाटलं, लिहून काय होणार, फळ्याकडे बघतंय कोण? बाईंना त्या क्षणी काही उमगलं वगैरे नव्हतं. त्या दमल्या होत्या, आणि खडू खाली ठेवणं हे लिहिण्यापेक्षा सोपं होतं.

कारकुनाच्या जागी आता खिडकीजवळची मुलगी बसली होती. ती कधी उठून तिथे गेली, ते बाईंनी बघितलं नव्हतं. समोर वर्गातला सगळ्यात वात्रट मुलगा उभा राहिला आणि त्या भाषेत म्हणाला, “माझी आजी हरवली आहे.”

मुलीनं मान वर केली नाही. हातातल्या कागदावर लिहिल्यासारखं करत तिनं विचारलं, “कुठला रंग?”

“निळा,” मुलगा म्हणाला.

“आकार?”

“मोठी. चौकोनी. तिला दोन खिसे आहेत.” त्याला शब्दच तेवढे येत होते.

“आत काय आहे?” मुलीनं विचारलं. “की रिकामी आहे?”

वर्ग असा फुटला की शेजारच्या वर्गातून कुणीतरी भिंतीवर थाप मारली. मुलगी तशीच गंभीर. तिनं अंगठ्यानं कागदावर शिक्का मारला आणि म्हणाली, “उद्या या. आज आज्या खूप आल्या आहेत.” त्या वाक्यात तीन चुका होत्या. बाईंनी भिंतीला टेकून पोट धरलं. त्यांच्या हसण्याचा आवाज येत नव्हता. डोळ्यांतून तेवढं पाणी येत होतं.

तास संपल्यावर मुलं गेली. सर उठून पुढे आले. टॅब काखेत होता.

“मुलं एवढी कशाला हसली?” त्यांनी विचारलं.

बाईंनी कागदावर आजीची हकिगत लिहिली. सरांनी ती वाचली, आणि गळ्यातली शिट्टी खुळखुळेपर्यंत हसले. मग त्यांचा चेहरा उतरला.

“बाई, एक घोळ झालाय. मुलांच्या बोलण्याला मी ‘उत्कृष्ट’ दिलंय, त्यात काही प्रश्नच नाही. पण शिक्षकानं परकी भाषा किती वापरली, तिथे आकडा टाकायचाय. तुम्ही काही बोललाच नाहीत. आणि या यंत्राला शून्य चालत नाही. शून्य टाकलं की ‘पुन्हा भरा’ म्हणतं.”

बाईंनी खांदे उडवले.

“चुका सुधारणे, तिथेही काही नाही,” सर पुढे म्हणाले. ते बाकाच्या कडेवर टेकले. “मला यांची भाषा कळत नाही. पण मैदानावर मला एक कळायचं. कोण खेळतोय आणि कोण नुसता पळतोय. आज मुलं खेळत होती.”

बाईंनी कागद ओढून लिहिलं, ‘पण मी शिकवलं नाही.’

“शिट्टी वाजवणारा गोल करतो का?” सर म्हणाले. मग त्यांनाच ते फार झाल्यासारखं वाटलं असावं. “बघतो काय टाकता येतं ते. फळ्यावर लिहिलंत, ती भाषा धरता येईल.”

फळ्यावरची ती चार वाक्यं धरून बाईंचा शेरा ‘अपेक्षेइतके’ झाला. आराखडा टळला. वर्षाच्या शेवटच्या बैठकीत कळलं, तेव्हा बाईंचा आवाज परत आला होता, थोडा खरखरीत. त्या “बरं झालं” म्हणाल्या आणि कपाटाची किल्ली शोधू लागल्या. आनंद होईल असं त्यांना वाटलं होतं. पण झालं ते एवढंच, की त्या रात्री कूस न बदलता झोप लागली.

नवीला ‘उत्कृष्ट’ मिळालं होतं. अख्ख्या शाळेत दोघांनाच मिळालं, त्यातली ती एक. त्याच आठवड्यात तिनं राजीनामा दिला. बाई तिला विचारायला गेल्या तेव्हा ती खुर्चीवर चढून भिंतीवरचे पत्ते काढत होती. निम्मे काढून झाल्यावर ती खाली उतरली आणि खुर्चीवरच बसली.

“रोज रात्री कापत बसायचे मी हे,” ती म्हणाली. “कात्रीनं बोटाला घट्टा पडलाय, बघा. एका कंपनीत कागदपत्रांचं भाषांतर करायचं काम मिळालंय. तिथे कुणाला हसवावं लागत नाही.”

“माकडचाळे म्हणाले होते मी,” बाई म्हणाल्या. “ते मनात ठेवू नकोस.”

“छे हो. मीही घरी जाऊन हेच म्हणायचे.”

उरलेले पत्ते भिंतीवरच राहिले.

नव्या वर्षी दुसऱ्या भाषेला शिक्षक मिळाला नाही. ती भाषा बंद झाली आणि त्या वर्गातली मुलं बाईंच्या भाषेत घातली. एकाऐवजी आता दीड माणसाचं काम. निकषांचं नवं पत्रकही आलं होतं. त्यात चारऐवजी पाच शेरे होते. बाईंनी ते वाचायचं म्हणून बॅगेत टाकलं आणि ते तिथेच राहिलं.

नवीच्या मुलांचा पहिला तास नवीच्याच वर्गात होता. बाई आत गेल्या. भिंतीवर पत्त्यांच्या जागी डिंकाचे चौकोनी डाग होते आणि उरलेले पत्ते कडेनं सुटून लोंबत होते. ते काढायला खुर्चीवर चढावं लागलं असतं. बाईंनी ते तसेच राहू दिले. मुलांना या नव्या भाषेतले दहा-वीस शब्द कुठून कुठून येत होते. एका मुलानं हात वर केला आणि आपल्या भाषेत विचारलं, “आधीच्या मॅडम का गेल्या?”

बाईंना आपल्या भाषेत सांगता आलं असतं. पण तोंडात आधी दुसरं वाक्य आलं. साधं, तीन शब्दांचं. पुस्तकातलं नव्हतं, आणि त्याची जुळवाजुळव करायला वेळही लागला नाही.

“त्या दमल्या होत्या,” बाई त्या परक्या भाषेत म्हणाल्या, आणि दोन्ही हात खाली सोडून, मान टाकून दाखवली.

मुलांना कळलं. दुसऱ्या रांगेतून एका मुलीनं त्याच भाषेत, दोनच शब्दांत विचारलं, “तुम्ही दमल्या?”

क्रियापद चुकलं होतं. बाईंनी ते सुधारलं नाही.

“मीसुद्धा,” त्या म्हणाल्या. “पुस्तकं काढा.”